‘रद्द करणे’ म्हणजे नेमके काय, याचा खुलासा मिळणेबाबत

प्रति,
मा. सचिव, श्री. मंदार गोगटे,
‘कृष्णाई हाइट्स’ फ्लॅटमालक संघ,
विद्यानगर, हैदराबाद.

विषय: मागच्या लिफ्टचा नियम रद्द होऊनही चालू असल्याबद्दल.
संदर्भ: ‘लिफ्टचा गैरवापर’ या मथळ्याची आपली नोटीस.

महोदय,

घरकामाला येणाऱ्यांनी मागचीच लिफ्ट वापरावी, हा नियम मे महिन्याच्या सभेत रद्द झाला. टाळ्या वाजल्या. पाटी आपण स्वतः काढलीत आणि तिचा फोटो ग्रुपवर टाकलात. आम्हीही आनंदाने अंगठे उंचावले. पाटी गेली, नियम मात्र गेटवर हजर राहिला.

गेल्या मंगळवारी माझ्या सासूबाई कोंडाबाई गुडघ्याच्या तपासणीसाठी देगलूरहून आल्या. साधे लुगडे आणि हातात भाजीची पिशवी पाहून वॉचमन यादगिरी म्हणाला, “अम्मा, कामवाल्यां की लिफ्ट पिच्छू है.” मागची लिफ्ट बंद होती. सासूबाई जिना चढू लागल्या. तिसऱ्या मजल्यावर त्या खाली बसल्या, तेव्हा आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या पद्मावतींनी त्यांना पाणी पाजले आणि धरून वर आणले. दारात सासूबाईंनी मला विचारले, “दीक्षा, तुमच्याकडं बायांचा जिना येगळा असतोय का गं?”

त्याच संध्याकाळी आपण दिलगिरी व्यक्त करायला आलात, याबद्दल आभार. आपण म्हणालात, “आजी, गैरसमज झाला. तुम्हाला ओळखलं नाही त्यानं.” त्यावर सासूबाई म्हणाल्या, “म्हंजे पद्मावतीला वळखून पाठवता व्हय?” आपण अर्धा चहा ठेवून उठलात. जाताना मला समजावलेत, “वहिनी, नियम रद्द झालाय. लोकांची सवय कशी रद्द करणार?”

कायद्याने अस्पृश्यता नष्ट केल्यानंतर सासूबाई जन्मल्या. तरीही विहिरीपासून लांब उभ्या राहून, कुणी घागरीत पाणी ओतील का, याची वाट पाहतच त्या वाढल्या. त्यामुळे ‘रद्द करणे’ या क्रियापदाचा आमच्या घरी अनुभव दांडगा आहे. अर्थ तेवढा अजून लागलेला नाही. आपण पुण्याचे, आपली भाषा शुद्ध. म्हणून आपल्यालाच विचारीत आहे.

दुसऱ्या दिवशी सासूबाई पद्मावतींचा हात धरून पुढच्या लिफ्टमध्ये शिरल्या. पद्मावती “नको अम्मा, माझं काम जाईल” म्हणत होत्या. आत सहाव्या मजल्यावरचे दोन सभासद होते. ते पहिल्याच मजल्यावर उतरून पायी गेले. व्यायामाची ही आवड आपल्या इमारतीत पूर्वी दिसली नव्हती. संध्याकाळी खुलासा मागणारी आपली नोटीस आली.

तरी विनंती की, नोटीस मागे घ्यावी, यादगिरीला लेखी सूचना द्यावी आणि पद्मावतींचे एकही काम सुटणार नाही, हे सभासदांना बजावावे.

नोटिशीचा खुलासा सासूबाई रविवारच्या सभेत स्वतः देतील. पद्मावतीही येणार आहेत. काल रात्रभर विचार करून त्यांनी होकार कळवला. दोघींसाठी खुर्च्या ठेवाव्यात. पहिल्या रांगेत.

आपल्याच इमारतीतली, अद्याप नम्र,
दीक्षा अमरदीप नरवाडे
फ्लॅट क्र. ४०२
दि. १४ जुलै २०२५