निगेटिव्ह हाय की

सोलापूर,
२८ डिसेंबर

ती. अण्णास,
सिद्धीचा नमस्कार. वहिनी बरी असेल. अव्वाने शेंगाचटणी कुटलीय, तुझा डबा वेगळा ठेवलाय. फोनवर अप्पांचं नाव काढलं की तुझं नेटवर्क जातं, म्हणून कागद घेतला.

अप्पांना चालताना छाती भरून येते, थांबलं की उतरते. चप्पल नीट करायच्या निमित्ताने ते रस्त्यात थांबतात, एवढंच आपल्याला दिसतं. शेवटी मी त्यांना आमच्या दवाखान्यात आणलं, छातीला तारा लावून ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवलं. उभे होते तोवर ईसीजी अगदी स्वच्छ. वेग वाढवला तशी रेघ खाली बसायला लागली, हृदयाला रक्त पुरत नव्हतं. दुखतं का विचारलं तर नाही म्हणाले, आणि छाती हाताने दाबून धरली. मी पट्टा थांबवला. रोज असे कागद वाचते मी, पण तो हातात धरवेना.

टेस्ट पॉझिटिव्ह आहे, अँजिओग्राफी करू, असं मी म्हणाले. अप्पांनी पॉझिटिव्ह तेवढं ऐकलं. घरी येऊन बाहेरच्या खोलीत गादी टाकली, ताट-तांब्या वेगळा, माझ्या लहानग्या प्रभूला जवळ येऊ देईनात. करोनात शिकलेलं सगळं काटेकोर. मी हसले, समजावलं, पुन्हा समजावलं. पडून राहिल्यावर दुखणार कशाला? तर बरा झालो म्हणाले. मग गल्लीतल्या डॉक्टरांकडे जाऊन, झोपून ईसीजी काढून आले. तो नॉर्मल यायचाच. आता कागद दाखवत सांगतात, "मी निगेटिव्ह हाय की."

आणि नंदीध्वजाच्या सरावाला निघालेत. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या मिरवणुकीत ध्वजाची काठी पेलत चालणारच म्हणतात. ती एवढी अवजड काठी, आणि ती रेघ. भीती वाटते रे. मला घरात बसवत नाही, दवाखान्यात लक्ष लागत नाही.

काल मी त्यांच्याशी भांडले. तेव्हा कुठे म्हणाले, "राजू येतोय काय बघ. त्यानं काठी धरली तर मी बाजूला हुतो." तू सराव सोडून पुण्याला गेलास, तेव्हापासून त्यांनी तुझं नाव घेतलं नव्हतं. अव्वा, शेवटी आईच ती, आत जाऊन रडली.

मी लगेच लिहायला बसले आणि हात थांबला. दिवाळीला माझ्याकडे येताना तू जिन्यात मध्येच थांबलास, फोन कानाला लावलास. फोन वाजला नव्हता, अण्णा. मी वर दारात उभी होते. तू छातीवरून हात फिरवत होतास. तेव्हापासून विचारायचं टाळतेय.

तू ये. स्टेशनवरून घरी जाऊ नकोस, आधी माझ्याकडे ये आणि पट्ट्यावर चाल. तुझा कागद मी दुसऱ्या डॉक्टरांना वाचायला देईन, माझ्याने होणार नाही. काठीचं मग बघू. नाहीच धरता आली, तर दोघे शेजारी उभे राहून बघा. मला तेवढं पुरे.

वाट बघते. जिना सावकाश चढ.

तुझी,
सिद्धी