राजीनाम्याचं सुवाच्य अक्षर

३ एप्रिल
ठरलं. राजीनामा. जगभरच्या लिपींच्या या म्युझियममध्ये एका उन्हाळ्यापुरता पहारेकरी म्हणून आलो, त्याला सतरा वर्षं झाली. गुदमरतोय. माझा जुना मित्र रेजिस, त्याने समुद्राकाठी होड्या भाड्याने द्यायचा धंदा काढलाय. एक मेपर्यंत ये, नाहीतर दुसरा बघतो, म्हणाला. एक पत्र तर लिहायचं. आज रात्रीच.

४ एप्रिल
लिहिलं नाही. शाळेची सहल आली. चौतीस पोरांना इजिप्तच्या चित्रलिपीत नावं काढून दिली. त्यात सहा जणींचं नाव एम्माच. थकल्या हाताने राजीनामा लिहू नये.

९ एप्रिल
मसुदा पाचवा. चौथ्यात संचालिका मादाम काझालेस यांना जरा जास्तच झापलं होतं. पाचव्यात इतके आभार मानलेत की पगारवाढ मागतोय असं वाटतं.

१२ एप्रिल
सहावा फायनल. शाईच्या पेनने, एकही खाडाखोड नाही. पत्र रजिस्टर्डच जायला हवं, नाहीतर मिळालंच नाही म्हणतील. पोस्ट बारा ते दोन बंद. माझी जेवणाची सुट्टी बारा ते दोन.

१४ एप्रिल, सोमवार
म्युझियम बंद. धावत पोस्टात गेलो. सोमवारी पोस्टही बंद. सतरा वर्षांत हे ठाऊक नव्हतं, कारण मी इथे तात्पुरता आहे.

२२ एप्रिल
हातातच दिलं. मादामनी उभ्या उभ्या वाचलं. डोळे भरून आले त्यांचे. म्हणाल्या, अंसेल्म, काय मोत्यासारखं अक्षर हो तुमचं. हल्ली हाताने लिहितं कोण? बाकीचं आपण सीझन संपल्यावर बोलू. म्हणजे तत्त्वतः मंजूर.

२९ एप्रिल
रेजिसचा फोन. येतोयस ना? म्हटलं, पत्र दिलंय, लेखी उत्तराची वाट बघतोय. तो म्हणाला, लेका, पाय आहेत ना तुला, निघ की. याला कायदा म्हणजे काय ते कळत नाही.

२ मे
रेजिसने दुसरा माणूस ठेवला. घाई फार त्याला. जेवण गेलं नाही.

६ मे
शेवटच्या दालनात काचेचं नवं कपाट. आत माझं पत्र, वर दिवा, खाली पाटी: 'हस्ताक्षराचे अखेरचे दिवस'. वस्तू मोलाची म्हणून माझी ड्यूटी तिथेच लावलीय. दुपारी एका आजीबाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. म्हणाल्या, काय ठाम माणूस. गेला का हो तो?
म्हटलं, हो, समुद्राकाठी असतो आता. मग काचेला हात लावू नका म्हणून सांगितलं.