पेनाचं टोपण

रोझ बेल, मॉरिशस, शनिवार, १२ जुलै १९५८

आज माझ्या शाळेतल्या शेवंतीचा नोकरीचा पहिला अर्ज लिहायला बसलो. साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट हवी आहे. म्हणजे अर्ज वाचणार तोच हेडक्लार्क! मी शेवंतीच्या वयाचा असताना त्याने मला विचारलं होतं, बाप काय करतो? ऊस तोडतो म्हटल्याबरोबर त्याने पेनाला टोपण लावलं. झाली मुलाखत. ते टोपण अजून डोक्यात जातं.

शेवंतीने वडिलांच्या नावापुढे ‘प्लांतेर’ लिहिलं. घरामागे चार सऱ्या ऊस असला की आमच्याकडे सगळेच बाप अर्जात बागायतदार होतात. मी म्हटलं, “खोड ते. तुमच्याच मळ्यात ऊस तोडतात, असं लिही. ठसठशीत. वाचू दे मेल्याला!”

तिने अर्ज स्वतःकडे ओढला. “गुरुजी, हा अर्ज माझा आहे की तुमचा?”

राहू दिलं प्लांतेर. पण मी विसरलेलो नाही. तिला एकदा तिथे खुर्ची मिळू दे. मग तिच्या बापाला धाडतो ऑफिसात, लेकीला न्यायला, मळ्यातून थेट, हातात कोयता घेऊन. लाव म्हणावं आता टोपण!