बुधवारी गाडी काढू नका

गिदन दावा
शुक्रवार, १२ जानेवारी

प्रिय वन्सं,

सलाम. तू, भावोजी आणि तुमची छकुली सुखरूप असाल, अशी अल्लाजवळ मागणी. इकडे धुळीचा वारा सुरू झालाय. सकाळी डोळे उघडायच्या आधी दातांखाली वाळू येते. सासूबाईंचा गुडघा थंडीने धरलाय, पण जीभ मोकळी आहे, त्यामुळे घर चालू आहे. यंदा बाजरी बरी झाली. माझ्या धाकट्या दोघींना खोकला होता, तोही उतरला. थोरला उंचीने माझ्या खांद्याला लागलाय.

वन्सं म्हटलं की तू नाक मुरडतेस, मला ठाऊक आहे. पण सहावीपर्यंत माझ्या वहीतून गणितं उतरवलीस आणि मग आपल्याच भावाच्या गळ्यात मला बांधलंस, तेव्हा आता हा मान घेऊनच राहा.

पत्र पाहून नवल वाटेल. आपल्याला कधी पत्रांची गरज पडली नाही. तू कानोच्या सौरविजेच्या ऑफिसात बसून पडद्यावर आमचं अख्खं गाव बघतेस. कुणाची गिरणी चालू, कुणाचा पंखा, दवाखान्यातली लशींची पेटी किती थंड, सगळं. मागे फोनवर म्हणालीस, "वहिनी, तुझा फ्रिज दुपारचा एवढी वीज कशी खातो? दार उघडं टाकून समोर बसतेस की काय?" मी चिडले होते, कारण बसतच होते. पूर्वी नणंदेला भावजयीच्या घरात डोकवायला निदान कुंपणाला भोक तरी लागायचं. तुला तेही लागत नाही.

तर त्या पडद्यावर सोमवार दुपारपासून आमची रेघ तळाला गेली असेल. आणि बॅटऱ्या मात्र भरलेल्या दिसत असतील. तू हुशार आहेस, तुला खटकलंच असेल.

आधी कामाचं लिहिते. तुझ्या दादांच्या फोनवरून तुला निरोप आला, की बॅटरीच्या खोलीतून धूर येतोय, लवकर या, तुमच्या हॉलंडच्या मार्लूसबाईंनाही आणा. तू उलट कळवलंस, येत्या बुधवारी येतो, तीही येतेय. वन्सं, धूर नाही. बॅटऱ्या ठणठणीत आहेत. मोठा खटका तुझ्या दादांनी स्वतःच्या हाताने खाली ओढला आणि ओढताना त्यांच्या मानेला बंदुकीची नळी लागली होती. निरोपही तसाच लिहिला. बुधवारी गाडी काढू नका. तू येऊ नकोस, मार्लूसला येऊ देऊ नकोस, एकट्या ड्रायव्हरलाही पाठवू नकोस.

हे लिहून झालं. आता थोडा श्वास घेते.

रानातल्या माणसांबद्दल तू ऐकून आहेस. आम्हीही ऐकूनच होतो. मोटारसायकलींवर येतात, गुरं नेतात, माणसं नेतात. आणि आम्ही म्हणायचो, आपल्याकडे नेण्यासारखं आहे काय? सोमवारी दुपारी तुझे दादा शाळेमागे पॅनेलवरची धूळ पुसत होते, तेव्हा ते आले. भर उन्हात, घाई न करता. त्यांना सगळं माहीत होतं. काही बिघडलं की कानोहून गाडी येते, त्यात गोरी बाई असते, तिच्या देशाने हे उभं करायला हात दिलाय. माहीत नसायला काय झालं? उद्घाटनाच्या दिवशी ढोल बडवून आपणच सांगितलं होतं. हॉलंडचा झेंडा आणि आपला झेंडा शेजारी शेजारी रंगवलेली ती पाटी अजून तिथेच आहे. आपले दिवे टेकडीपलीकडूनही दिसतात याचा मला किती गर्व होता. त्यांच्यातला एक दादांना म्हणाला, "आम्ही तिथे बसूनच बघत होतो. छान दिसतं तुमचं गाव."

त्यांनी सगळ्यांचे फोन गोळा केले. रोज जेवण शिजवून कोरड्या ओढ्यापाशी चिंचेखाली नेऊन ठेवायचं. आळीपाळीने आम्ही बायका नेतो. गिरणी बंद आहे म्हणून बाजरी पुन्हा उखळात कुटतो, तीही दबकत. मोटारसायकलचा आवाज आला की बायका आधी पोरांच्या तोंडावर हात ठेवतात. दवाखान्यातल्या लशी वाया गेल्या. अंधारातच तर मी लहानाची मोठी झाले, पण आता दिवस मावळायला लागला की मी दाराची कडी पुन्हा पुन्हा चाचपते. हन्नातू, मला भीती वाटते. इतकी, की पाणी प्यायला घेते आणि प्यायचं विसरते.

तुझे दादा माझ्याशी बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण एकच गोष्ट. परवा मी म्हटलं, हन्नातूला कसंही करून कळवायला हवं. तर म्हणाले, "कळवायचं नाही. गोऱ्या बाईमागे तिचा देश आहे. कंपनी आहे, दोन सरकारं आहेत. चार महिन्यांत सोडवतील तिला. आपल्यामागे कोण आहे?"

मी म्हटलं, आणि त्या गाडीत तुमची बहीण असेल, तिचं काय? म्हणाले, ती आपल्यातली आहे, तिला सोडून देतील. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते वाईट नाहीत, तुला सांगायला नको. माणूस पार बुडायला लागला की हाताला येईल ते धरतो.

मार्लूस माझ्या चटईवर बसून जेवली होती, आठवतं? वाफाळत्या तुवोच्या गोळ्याचा पहिलाच घास एवढा मोठा घेतला की बोटं भाजली. फुंकर मारत होती आणि सासूबाई म्हणत होत्या, हिच्या आईने हिला जेवायला शिकवलं नाही आणि ही आपल्याला दिवे लावायला शिकवणार. तिला तू अर्थ सांगितलास, तर आपल्यापेक्षा तीच जास्त हसली. ती कुणाची तरी लेक आहे. तिला मी हाक मारून खड्ड्यात नाही ढकलणार.

आता तू म्हणशील, दादा कधी कुणाचं वाईट चिंतणारे नव्हते, मग असं का बोलले? आणि आणखी एक म्हणशील. हे पत्र तू दोनदा वाचलं असशील. सासूबाईंचा गुडघा लिहिला, धाकट्यांचा खोकला लिहिला, थोरल्याची उंची लिहिली. माझ्या मन्सीरबद्दल एक अक्षर का नाही?

मन्सीर त्यांच्याकडे आहे.

जिवंत आहे. हाजो दूधवाली त्यांच्या तळाजवळून गुरं नेते, तिने काल डोळ्यांनी पाहिलाय. चोरलेल्या गुरांना पाणी पाजायला लावलंय. अंगावर मार दिसला नाही म्हणाली. गाडी आली की मुलगा परत, असं ते म्हणालेत. नाही आली तर काय, ते बोलले नाहीत आणि आमच्यातल्या कुणी विचारलं नाही.

आज इथेच थांबते. उजेड गेला.

शनिवार, सकाळी

काल सगळं लिहिलं असं वाटलं होतं. नव्हतं. हाजो दूध घालून परत फिरेल आणि हे पत्र नेईल, तोवर लिहिते.

त्यांना दादांचा मुलगा हवा होता. ओलीस म्हणून यंत्रवाल्याचं स्वतःचं पोर हवं, म्हणजे तो निरोपात लबाडी करणार नाही. ते आमच्या अंगणात आले तेव्हा मन्सीर आणि थोरला एका वाडग्यातून दुधात कालवलेला फुरा पीत बसले होते. त्यांचा तो म्होरक्या, तोंडाला फडकं, पण आवाजावरून कोवळाच. मला म्हणाला, "आई, यातला तुझा मुलगा कोणता?"

आणि माझा हात मन्सीरच्या डोक्यावर गेला.

तूच सांग, दुसरं काय होणार होतं? आपल्याकडे पहिल्या पोराला आई चारचौघांत जवळ घेत नाही. नावाने हाक मारत नाही. मी थोरल्याला "अरे ए" म्हणते, "तो" म्हणते, पाहुण्यांसमोर त्याच्याकडे धड बघतसुद्धा नाही. तुझंही तेच. मन्सीर तुझं पहिलं, म्हणून दूध सुटल्यावर तू त्याला माझ्या ओटीत घातलंस. तुझ्या पोराला मी मांडीवर घेतलं, नाव घेऊन नाचवलं, परक्यांसमोर पापे घेतले, कारण तो माझा नव्हता. माझा शेजारी बसून बघायचा. इतकी वर्षं कुणी परकं समोर आलं की माझा हात मन्सीरकडेच गेलाय. त्या दिवशीही तिकडेच गेला.

असं मी स्वतःला पाच दिवस सांगतेय. पण हात गेला तो सवयीने गेला, की माझ्यातल्या आईने नेला? वन्सं, मला खरंच माहीत नाही. हात ठेवल्यावर मला तोंड होतं. मी म्हणू शकले असते, हा नव्हे, हा नणंदेचा. शेजारी माझा तसाच बसलेला होता, ओठांना फुरा लागलेला, आणि मी गप्प राहिले.

मन्सीरलाही बोलता आलं असतं. ही माझी मामी आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, चपला घातल्या. घाईत एक त्याची आणि एक थोरल्याची. मोटारसायकलवर बसवताना मला म्हणाला, "आई, येतो." जन्मात पहिल्यांदा मला आई म्हणाला. बारा वर्षांचं पोर आहे, पण त्याला कळलं होतं की माझं खोटं उघडं पडलं तर आमची खैर नाही.

माफी मागत नाही. मागण्यासारखं हे नाही.

आज जेवण न्यायची पाळी माझी आहे. मी थोरल्याला सोबत नेणार आहे. त्या म्होरक्याला सांगणार आहे, त्या दिवशी मी चुकले, लाजेने माझा हात दुसऱ्यावर पडला. तोही आपल्यासारखा हौसा लोकांच्याच घरातला असेल, त्याच्या आईनेही त्याला कधी नावाने हाक मारली नसेल. त्याला कळेल, किंवा कळणार नाही. ते अदलाबदल करतील, की दोघांनाही ठेवून घेतील, की मलाही, हे मला ठाऊक नाही. थोरल्याला ठेवलं तर मी तिथेच बसणार, हाकलेपर्यंत. मन्सीर सुटला तर हाजो त्याला तिच्या भावाच्या ट्रकमधून कानोला पाठवील. मग त्याला परत इकडे धाडू नकोस. रीत राहू दे बाजूला. जवळ घे, सगळ्यांसमोर घे.

तुझ्या दादांना यातलं काही माहीत नाही. सांगितलं तर मला कोंडून ठेवतील. सैन्याला कळवायचं असेल, तर मन्सीर तुझ्या दारात दिसेपर्यंत थांब. मंगळवारपर्यंत दिसला नाही, तर तुला सुचेल ते कर. मी कुठल्या तोंडाने आड येणार?

मघाशी थोरला विहिरीवर होता. त्याला सांगायचं होतं, आणि "अरे ए" म्हणून हे सांगता येईना. म्हणून मी त्याला नावाने हाक मारली. त्याने मागे वळून पाहिलं, की मी कुणाला बोलावतेय. मागे कुणी नव्हतं. मी पुन्हा हाक मारली. तेव्हा घागर खाली ठेवून आला. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मग मन्सीर सुटेल ना?" मी हो म्हणाले. तो म्हणाला, "चल मग."

हाजो दारात उभी आहे. तुझं पोर त्यांच्या ताब्यात असताना तुला येऊ नकोस म्हणायचा हक्क मला नव्हता. काल लिहिलं ते उगाच लिहिलं. आज दुपारपासून, अल्लाची मर्जी असली तर, तिथे माझं पोर असेल. म्हणून आज पुन्हा, हक्काने लिहिते. हन्नातू, काहीही झालं तरी येऊ नकोस.

तुझी वहिनी,
लवालीची आई
असाबे