दातामागची खिडकी

१ मार्च
दात! सकाळी डोळा उघडला की समोर दात. इमारतभर ताणलेल्या पडद्यावरच्या टूथपेस्टवाल्या बाईचं हसू सहाव्या मजल्यावर आलंय आणि तिचा पुढचा दात बरोबर आमच्या खिडकीवर. रस्त्यावरून बघायला छान दिसत असेल. आतून नुसती राखाडी जाळी. सकाळी नऊला दिवा लावून कॉफी करायची!

आईच्या छातीवर पहिल्या मार्चच्या सणाचा लाल-पांढरा दोरा टाचला. "लाल कुठला नि पांढरा कुठला, कळत नाही ग," म्हणाली आणि वर हसली. मला आधी रडू आलं, मग राग. रागच बरा.

२ मार्च
टीव्हीवर पुन्हा तीच चर्चा. बुखारेस्टच्या इमारतींवरचे जाहिरातींचे पडदे काढावेत की नाहीत? मी कॉलेजात होते तेव्हापासून ऐकतेय. बंदी घालू, बंदी घातली, बंदीला अपवाद केला. महापालिका म्हणते विभागाचं काम, विभाग म्हणतो महापालिकेचं. कंपनी तर म्हणते ही जाहिरातच नाही, दुरुस्तीसाठी घातलेलं आच्छादन आहे. तीन वर्षांत एक वीट हलली नाही! एक टायवाला म्हणाला, "शहराला रंग हवा." ये की मग माझ्या स्वयंपाकघरात रंग बघायला!

पण खरं दुखणं वेगळंच. आमच्याच लोकांनी हात वर केले. जिन्यात मीटिंग झाली तेव्हा मी फार्मसीत ड्यूटीवर. इमारतीचे व्यवस्थापक पात्राश्कू म्हणाले म्हणे, पडदा घेतला तर कंपनी लिफ्ट दुरुस्त करून देईल. झालं, भराभर हात वर. आई होती तिथे. कितीदा विचारलं, कोणी कोणी केला? "गर्दी होती ग, कुठे दिसतंय." आणि मी रोज त्याच लिफ्टने चडफडत वर येते.

४ मार्च
आईने मेणबत्ती लावली. सत्याहत्तरच्या भूकंपात तिचं घर पडलं, तिची बहीण त्यात गेली. मग कित्येक वर्षं वसतिगृहात, एका खोलीत चार बायका. त्यानंतर हे घर मिळालं. दरवर्षी या दिवशी तिचं एकच वाक्य: "आता इथून मी आडवीच जाणार." अशा बाईला या लोकांनी अंधारात कोंडलंय.

५ मार्च
साफसफाई काढली. अंगणातल्या लोखंडी दांडीवर गालिचे टाकून बदडले. एकेका फटक्याला पात्राश्कूंचं नाव घेतलं. नेमके तेच आले.
"बाई, गालिचा फाटेल."
"फाटू दे. तुमचा पडदा तर फाटत नाही!"
"लिफ्ट आवडत नसेल तर जिना आहे," म्हणाले आणि गेले. मेला!

भिंतीवरचा मोठा गुलाबांचा गालिचा मात्र आईने यंदाही काढू दिला नाही. "खिळे निघाले तर पुन्हा बसायचे नाहीत." मी म्हटलं, अग, धूळ किती! एवढी टापटिपीची बाई. अंधारात धूळसुद्धा दिसेनाशी झाली असेल तिला. सगळं त्या पडद्याचं पाप.

६ मार्च
उद्या आईची 'म्हातारी'. मार्चचे पहिले नऊ दिवस म्हातारीचे, त्यांतला एक आपला म्हणून धरायचा, त्या दिवशी जसं आभाळ तसं आपलं वर्ष. माझा तीन तारखेला होऊन गेला. गारा आणि चिखल. म्हणजे काही वेगळं नाही.

खालच्या ओल्तेया मावशी कॉफीला आल्या होत्या. "वेतूरिया, या दाताआडून आभाळ कसं बघणार तू?" आई म्हणाली, "रेडिओ सांगेल की." रेडिओ! या वयात आपलं नशीब रेडिओवर ऐकायचं! रात्रभर डोक्यात तेच.

७ मार्च
कापला! मासे कापायच्या कात्रीने! जाळी चिवट, बोटं सोलली. आई मागून दंड धरून ओढतेय — "लावी, नको, नको ग, कोणी बघेल!" बघू दे! उशीएवढं भोक पडलं आणि — निळं! ऊन थेट टेबलावर, आईच्या हातांवर. तिने हात मागे घेतले, मग हळूच पुन्हा उन्हात ठेवले.
"तुझं वर्ष छान जाणार," मी म्हटलं. ती उठून फाटलेल्या जाळीच्या कडा जुळवून बघायला लागली.

खाली ही गर्दी! बाईचा पुढचा दात पडलाय! ओल्तेया मावशी हसून हसून बेजार. पात्राश्कू दारात: "वेड लागलंय का तुम्हाला?"
"लागलंय. तुमच्याही खिडकीला लावू का कात्री?"
किती दिवसांनी पोटभर जेवले.

९ मार्च
कंपनीचा माणूस भोक शिवायला दोरावरून उतरला. मी खिडकीत, हातात कात्री. तो माझ्याकडे बघेचना. जाळी उचलून खिडकीशेजारची भिंत बघत होता. भिंतीत हात घातला — पंजा मनगटापर्यंत आत गेला.
"बाई, आतल्या बाजूला काय आहे इथे?"
"गालिचा."
शिवायचं सोडून तो वर ओरडला, "ओढा मला, ओढा!"

१२ मार्च
पडदा उतरला. रस्त्यावर जाऊन बघितलं. चौथ्या मजल्यापासून गच्चीपर्यंत चीर.

इंजिनीअर येऊन गेले. दाराशी लाल बिल्ला ठोकला. पुढच्या भूकंपात पडणार अशा घरांना लावतात तो, सगळ्या बुखारेस्टला ठाऊक आहे. महिनाअखेरीला घर रिकामं करा. पर्यायी जागा? वसतिगृहात एक खोली!

पात्राश्कूंची गचांडी धरायची बाकी ठेवली. "तुम्हाला माहीत होतं!" ते म्हणाले, "आईशप्पथ नाही हो. माझंही घर इथेच आहे." कोणाला तरी माहीत असणारच. त्याला मी सोडणार नाही.

१३ मार्च
सामान बांधायला घेतलं. गुलाबांच्या गालिच्याला हात लावला तर आई म्हणाली, "थांब, मी काढते." खिळे बोटांनीच निघाले. मागे चीर, आणि चिरेत जुनी वर्तमानपत्रं, चिंध्या, नीट ठासून बसवलेल्या.

"मीटिंगमध्ये पहिला हात माझा होता, लावी. बाहेरून झाकायचं मला जमत नव्हतं."