तुझं बटण आणि आमचं एक सूत

चि. भाच्यास,

अनेक आशीर्वाद लिहिणार होते, पण ते सध्या राखून ठेवलेत, कारण दवाखान्याच्या औषधांच्या कपाटांची एकूण एक दारं आखूड आलीत आणि ती आज कारखान्याच्या भिंतीला टेकून माझ्याकडे बघत उभी आहेत. तुझी तब्येत बरी असेलच. दुसऱ्याच्या कारखान्यात बटण बसवून जो आपल्या गावी निघून जातो त्याची तब्येत बिघडायचं कारण नाही. ताईची, म्हणजे तुझ्या आईची, कंबर कशी आहे? तिला म्हणावं, मी विचारलं, आणि हेही म्हणावं की पोराला एवढं शिकवायला नको होतं.

सुट्टीत आलास तेव्हा गप जेवला असतास, झोपला असतास, कोणी काही म्हटलं नसतं. पण तुला तुझ्या काकांच्या कॉम्प्युटरची दया आली. बिचारे काका कपाटाचं चित्र काढतात आणि मग एकेक माप हाताने टाइप करत बसतात, हे तुला बघवेना. दोन दिवस दार लावून बसलास, काय ती स्क्रिप्ट का काय लिहिलीस, आणि चित्राच्या वरच्या पट्टीत एक नवीन बटण आणून ठेवलंस. दोन टोकांवर टिचकी मारायची की मधलं माप बाणांसकट आपोआप कागदावर. वा! (बटणावर माझं चित्र काढलंस, अंबाडा आणि वर केलेलं बोट, तेही मी बघितलं. काका म्हणाले हुबेहूब. त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.)

पहिल्या दिवशी तुझ्या बटणाने जे दिसेल त्याचं माप घेतलं. दाराचं घेतलं, खणाचं घेतलं, बिजागरीच्या भोकाचं घेतलं, आणि कागदाच्या चौकटीचंही घेतलं. एवढे बाण की कपाट कुठं आहे ते शोधायला लागलं. तुला फोन केला, तू हसलास, आणि ते दुरुस्त केलंस. मग आकडे बारीक म्हटलं तर असे मोठे केलेस की एक आकडा अख्ख्या दारावर पसरला. तेही दुरुस्त केलंस. मग प्रत्येक मापापुढे एक टिंब आणि दोन शून्यं यायला लागली. ती कशाला रे? शोभेला? मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, करवतीच्या भुशात उभी राहून कागद वाचते. टिंबावर भुसा बसला की ते दिसत नाही. त्या हिशेबाने एक कपाट एवढं उंच निघालं की ते बसवायला आधी दवाखान्याचं छत काढायला लागलं असतं. शून्यं काढ म्हटलं तर तू म्हणालास, "मावशी, त्याला अचूकपणा म्हणतात." बरं बाबा. अचूकपणा तर अचूकपणा.

आता ऐक, तुझ्या अचूकपणाने काय केलं ते. डॉक्टरीणबाई काल बघायला आल्या. त्या कमी बोलतात, पण फार नीट बघतात. एक जोडी दारं बसवून दाखवली. बाईंनी दोन दारांच्या मधल्या फटीत पेन्सिल घातली, गेली. मग वाकून एक डोळा मिटला आणि आतल्या खोक्यावरचं औषधाचं नाव मोठ्याने वाचून दाखवलं. तुझे काका म्हणाले, "हवा खेळती राहते." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते लगेच टेप शोधायला गेले (टेप त्यांच्या खिशातच होती). दवाखाना सोमवारी उघडतोय. शनिवारपर्यंत नवी दारं लागली नाहीत तर वरच्या दोन मजल्यांची कपाटं समोरच्या दुकानदाराकडे जातील. समोरचा म्हणजे तोच, जो सगळं पॉलिश करून चकचकीत ठेवतो आणि बिजागऱ्या कागदाच्या लावतो. त्याने आजच आमच्या दाराशी येऊन फार आपुलकीने विचारलं, काही अडचण आहे का म्हणून.

तुझे काका म्हणतात कागद बरोबर आहे. मी म्हणते करवत बरोबर आहे. दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की चूक तुझ्या बटणाची. आमचं इतक्या पटकन एकमत कित्येक वर्षांत झालं नव्हतं, तेवढं एक पुण्य तुझ्या नावावर.

पण आज दुपारी काका जेवून लवंडले तेव्हा मी कागद आणि दार शेजारी ठेवून बसले, आणि मला कळलं. तुला म्हणून सांगते, पत्र फाडून टाक. तुझे काका माप लिहिताना एक सूत वाढवून लिहितात. (एक सूत म्हणजे तुमचे तीन मिलिमीटर.) कायमच. जास्त असलं तर कापता येतं, कमी असलं तर काय ओढून लांब करायचं, असा त्यांचा स्वभाव. भाजीसुद्धा ते तशीच आणतात. हे मी लग्नानंतर पहिल्याच टेबलाला ओळखलं, आणि तेव्हापासून त्यांनी काहीही लिहिलं तरी मी एक सूत कमी कापते. ते मला सांगत नाहीत, मी त्यांना सांगत नाही, आणि दारं चपखल बसतात. कदाचित मी कापते म्हणून ते वाढवत असतील. आधी कोणी सुरू केलं हे आता कोणाला सांगता यायचं नाही, आणि विचारणार तरी कोण? गिऱ्हाईक खूश, आम्ही खूश. आणि मधे तू आलास, खरं बोलणारं बटण घेऊन! त्याच्या आकड्याला काकांना हात लावता येत नाही. त्यांचं सूत गेलं, माझं राहिलं. दार आखूड.

तू म्हणशील, मावशी, मग तूच कापू नकोस. म्हणणं सोपं आहे. हात ऐकत नाही रे. दुपारीच एक फळी बरोबर मापाने कापायला घेतली, आणि कापून बघते तर एक सूत कमी.

बाकी सर्व ठीक. वेळेवर जेवत जा. बटण काढून टाकायला सांगणार आहे असं समजू नकोस, काकांना त्याचा फार लळा लागलाय.

तुझी मावशी

ता. क. : बटणात एक सूत वाढवून दे. चित्र आहे तसंच राहू दे, फक्त कागदावर छापलेला आकडा एका सुताने जास्त यायला हवा. काकांना कळता कामा नये. फाइल पाठवताना वर "किरकोळ सुधारणा" असं लिही, तसं लिहिलेलं ते उघडूनसुद्धा बघत नाहीत. हे फोनवर सांगितलं असतं, पण आमच्या दोघांत फोन एक आहे आणि कान त्यांचे तिखट आहेत.

ता. क. दुसरा : आत्ता काका उठून पाकीट मागायला आले. कोणाला लिहिताय म्हटलं, तर म्हणाले विजेच्या बिलाबद्दल तक्रार आहे. सकाळपासून ते "हे बटण फार कंजूष आहे" असं पुटपुटतायत, तेव्हा ती तक्रार तुझ्याच पत्त्यावर येणार, आणि त्यांनाही एक सूत वाढवूनच हवं असणार. दोघांचं ऐकलंस तर दोन सुतं वाढतील आणि दारं कपाटाबाहेर येतील. एकदाच वाढव. मला कळव की तुझं ऐकलं, त्यांना कळव की तुमचं ऐकलं. दोन्ही खरंच आहे. शुक्रवारी मी करवत लावणार, म्हणजे गुरुवारपर्यंत उत्तर यायलाच हवं. एका शब्दात लिही, केलं. पुढे टिंब नको.