बनुबाईच्या रक्ताचा नमुना

श्री. छगनराव पाव्हणे यांस, भिमाजीचा रामराम.

फाडायच्या आधी चार ओळी वाचा. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हा उद्योग. गुडघे कसे आहेत? इकडे सर्व ठीक असं लिहायची रीत आहे, पण खोटं कशाला लिहू? तुमच्या बहिणीला, बनुबाईला, रक्ताचा कॅन्सर निघालाय. पुण्याला दवाखान्यात आहे. जेवते, नर्सांना दटावते, म्हणजे धीर आहे.

आता इथं काय चाललंय ते ऐका. शिफा म्हणून एक डॉक्टर पोरगी आहे, आपल्या राहात्याकडची. म्हणाली, एक नवीन प्रोटीन सापडलंय, या आजारात त्याचं काम काय ते शोधतोय, काकूंच्या रक्ताचा नमुना द्या. मी लगेच कान टवकारले. एकतीस वर्षं डेअरीच्या केंद्रावर दूध तपासलं. नमुन्यात कधी नव्हती ती वस्तू दिसली की समजायचं, कुणीतरी काहीतरी मिसळलंय! (सलाईन लावणाऱ्या बाईवर दोन दिवस पाळत ठेवली. बिचारी सरळ निघाली.) बरं, त्या प्रोटीनला नावसुद्धा नाही, नुसता नंबर. इतके दिवस कुठं दडलं होतं, विचारलं, तर म्हणते, तेच शोधतोय. अठरा पानी फॉर्म चष्मा पुसून दोनदा वाचला. मग म्हणालो, आमच्यात संशय आला की दुसरी बाटली सील करून ठेवतात, तशी ठेवा. तिनं निमूट दुसरी नळी भरली, चिठ्ठी लावली आणि म्हणाली, काका, आम्ही रोजच ठेवतो. नळी मात्र तिनं हळूच उलटीपालटी केली, फेस न येऊ देता. नमुना तसाच ढवळायचा असतो. मला लई बरं वाटलं, पण तोंडावर दाखवलं नाही.

शेवटी विचारलं, यानं हिला गुण येईल का? म्हणाली, काकूंना येईलच असं नाही, पुढच्या पेशंटना येईल. लबाड माणूस असं बोलतो का? म्हणून तर संशय जास्तच वाढला. तेवढ्यात बनुबाई म्हणाली, "रगत माझं हाय, तुमचं न्हाई," आणि सही ठोकून मोकळी झाली. असो. घरात सगळ्यांना रामराम सांगा.

तुमचा,
भिमाजी

ता. क. प्रोटीनचं राहू द्या. मोठे डॉक्टर म्हणतात, सख्ख्या भावाच्या पेशी जुळल्या तर आशा आहे. माझं तपासा म्हणून मी हात पुढं केला, तर म्हणाले, नवऱ्याचं सहसा जुळत नाही. चाळीस वर्षांचा संसार, पाव्हणं, आणि माझा काही उपयोग नाही. गुरुवारी तपासणीला या.

पुन्हा ता. क. अकरा वर्षांपूर्वी चारचौघांत तुमचं दूध मी भेसळीचं म्हणून ओतायला लावलं. दूध चांगलं होतं, मशीन बिघडलं होतं. मला ते त्याच सांजेला कळलं होतं. लाजेनं बोललो नाही. काल बनुबाईला खरं सांगितलं. तेव्हापासून तीही माझ्याशी बोलत नाही. या.